तिसरीचं नाव

बोदलकसा, ता. तिरोडा
३ ऑगस्ट

चि. सौ. चेतना हिस,

अनुसयाबाईचा आशीर्वाद. सासू आहे म्हणून देऊन राहिली, घ्यायचा का नाही ते तू पाहा.

फोन तू उचलत नाही. नवऱ्याचा, खुमेंद्रचा, नंबर बंद करून ठेवला. नीतूच्या फोनवर तुझे मेसेज येत होते, म्हणून तो फोन मी कपाटात ठेवून दिला. आता राहिलं पोस्ट. मले सहीपुरतंच लिहिता येते, म्हणून मी खाटेवर बसून सांगून राहिली आणि नीतू लिहून राहिली. तिचं अक्षर तू ओळखशील, कॉलेजात तूच तिले शिकवलं. माझ्या पोटची पोरगी, पण वहिनी म्हटली की तिच्या तोंडाले पाणी सुटते.

तू गेली त्याले महिना झाला. गावाले मी काय सांगू? पोटुशी बाई माहेरी जाते ती सासूले विचारून, ओटी भरून जाते. तू ऑटो बोलावून गेली. ऑटोवाला नागऱ्याचा, तोंडाचा मोकळा. तुझ्या माहेरी फुलचूरपर्यंत कोणाकोणाले सांगत गेला असेल ते त्याचं त्याले माहीत.

आणि मी असं काय म्हटलं होतं? एवढंच की बाळंतपण इथं होईल, घरी होईल, सुईण आपली आहे. माझे चारही याच खोलीत झाले. दोन जगले. नीतू, दोन जगले ते नको लिहू. चारही झाले, एवढं लिही.

रविताचं तुले कोणीतरी भरवून दिलं, म्हणून तू भ्यायली. रविता माझी पहिली बहू. तिले देवानं नेलं. गाडी दारात उभी होती म्हणून लोक आजही बोलतात. उभी होती, मग काय? अमावस्या होती. अमावस्येले बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. सकाळी नेऊ म्हटलं होतं मी. सकाळी नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे सगळं नको लिहू नीतू, देवानं नेलं एवढं पुरे.

आता रुईचं. तुझा सगळा राग तिथंच आहे ना? ज्याच्या दोन बायका गेल्या त्याची तिसरी टिकत नाही, हे मी नाही ठरवलं. म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. मरण झाडावर जाते, आणि मग येते ती बाई चौथी. तुझ्याचसाठी केलं ना ते? पंडितजी म्हणत होते, झाड जिथं उगवलं तिथंच लग्न लावा आणि मागं न पाहता घरी या. पण नाल्याच्या काठी पोराची वरात न्यायची मले लाज वाटली. सगळं गाव पाहायले आलं असतं. म्हणून मी गड्याकडून रुई मुळासकट खोदून आणली आणि अंगणात लावली. हळद लावली, पिवळं पातळ गुंडाळलं, सुताचे फेरे केले, तांदळात नाव लिहिलं.

या घरात येणारीचं नाव मी ठेवते. तुझ्यासाठी सुलक्षणा ठरवलं होतं. सोयरीक जमली तेव्हाच तू म्हटली, माझ्या सर्टिफिकेटवर चेतना आहे, मी चेतनाच राहीन. बरं बापा, राहा. ते नाव मी रुईले देऊन टाकलं. तिनं काही कागद दाखवले नाहीत.

खोदून लावलेली रुई आठवड्यात वाळते, सगळ्यांनी सांगितलं. ही वाळली नाही. पालवी फुटली, कळ्या आल्या. तू तिले पाणी घालत होती हे मले मागाहून समजलं. मग तूच सांग, तिसरी जिवंत असताना चौथी घरात म्हणजे सवतच झाली ना? आणि आधी आलेली ती थोरली. थोरलीच्या आधी कुंकू लावायचं नाही, तिच्यापुढं पान ठेवल्याशिवाय जेवायचं नाही, खोलीत जाताना तिच्या पाया पडून जायचं. एवढ्यासाठी कोणी घर सोडते? भात थंड झाला म्हणून कोणी मरत नाही.

पोळ्याच्या आत ये. बैलं धुवायच्या दिवशी घरची बहू दारात पाहिजे.

अनुसयाबाई

वहिनी, आई सांगते ते सगळं लिहीन. लिहू नको म्हणते तेही लिहीन. वाचून दाखवताना तेवढं गाळीन. तुम्ही इकडे येऊ नका. — नीतू


बोदलकसा
२४ ऑगस्ट

चि. सौ. चेतना हिस,

तुझं कार्ड मिळालं. नीतूनं वाचून दाखवलं. तू लिहिलं, बाळंतपण गोंदियाच्या दवाखान्यात करीन, आणि शेवटच्या महिन्यात सोबतीले नीतूले फुलचूरले पाठवा. बस, एवढंच. ना नमस्कार, ना पोळा कसा झाला म्हणून विचारणं. मास्तरीण आहेस तू, कागदाची एवढी कंजूशी कायले करते?

पोळा झाला. दारात बहू नव्हती. नीतूनं बैलांच्या पायावर पाणी घातलं आणि शेजारच्या निर्मलाबाईनं मोठ्यानं विचारलं, लेकीनंच का? मी म्हटलं, बहूले डॉक्टरनं प्रवास नाही सांगितला. तुझ्यापायी मले सणाच्या दिवशी खोटं बोलावं लागलं, हे लक्षात ठेवजो.

नीतू येणार नाही. ती आली तर इथं भात कोण शिजवेल, म्हशी कोण पाहील? तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. रंग सावळा, त्यात बीएस्सी. रंग पाहुण्यांना दिसतेच, बीएस्सीचं आम्ही सांगत नाही.

तुझ्या भावानं, कैलाशनं, तिरोड्याच्या बाजारात कोणाजवळ तरी प्रेमिलाचं नाव काढलं असं ऐकलं. त्याले सांग, आमच्या घरातलं आम्ही पाहू. प्रेमिला दुसरी बहू. धानाच्या रोवणीत गेली. आमच्यात मालकीण असली तरी रोवणीच्या दिवसात चिखलाच्या बांधीत उतरते. मीसुद्धा उतरली, माझी सासूसुद्धा उतरली. ताप होता तिले. असा तसा नाही, आठवडाभर होता, अंगावर हात ठेववत नव्हता. मले वाटलं ढोंग आहे. बांधीत पाण्यात उभी राहिली की उतरेल म्हटलं. चिखलातच पडली. नीतू, हे पूर्ण खोडून टाक. लिही की ताप होता हे मले कोणी सांगितलं नाही.

रुईजवळ तू टिनाची पाटी ठोकली होती, कॅलोट्रॉपिस म्हणून. ती मी उपटून फेकली. तरी शाळेतली लेकरं अंगणात येऊन तोच शब्द म्हणतात. आज मी नीतूले विचारलं, त्याचा अर्थ तरी काय? तिनं एक फूल तोडलं आणि उलगडून दाखवलं. मधल्या भागात पाच बारीक पाती उभ्या असतात, डोंग्याच्या बुडाले मधोमध लाकूड असते ना, तशा. त्यावरून ग्रीस देशाच्या भाषेत ठेवलं म्हणे, सुंदर कणा. सगळा डोंगा त्या लाकडावर उभा असते, पण ते पाण्याखाली राहते, कोणाले दिसत नाही. आणि तू तिले सांगितलं होतं म्हणे, घरातल्या बाईचंही असंच असते.

चांगलं सांगितलं. बोदलकशाच्या तलावात ढिवरांचे डोंगे मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली. बुडाचं लाकूड सडलं की ते काढतात आणि दुसरं ठोकतात. डोंगा तोच राहते. पुढच्या वर्गाले हेही शिकव.

मी त्या रुईच्या बुडात रोज भाताचा उकळता माड ओतून राहिली. पाहू किती दिवस टिकते.

अनुसयाबाई

वहिनी, माड ओतते हे खरं आहे. पानं खालून पिवळी पडली, शेंडा हिरवा आहे. मी अजून तिला त्याच नावानं हाक मारते, तुम्ही शिकवलेल्या. सुलक्षणा म्हणत नाही. — नीतू


बोदलकसा
२८ सप्टेंबर

चि. सौ. चेतना हिस,

आनंदाची गोष्ट आहे. रुई वाळली. मी स्वतः कुऱ्हाड घेऊन बुडातून कापली, वर मीठ टाकलं. गडी हात लावायले तयार नव्हता. म्हणे, लग्न लागलेलं झाड, मी बाईवर कुऱ्हाड चालवत नाही. त्याले म्हटलं, तू बाजूले हो, मले सवय आहे. आता तिथं नुसता खुंट आहे. तुझी सवत गेली, तुझा रस्ता मोकळा झाला. नीतू, खिडकीकडं काऊन पाहते? वाळली म्हणून लिही.

आता तुले नाही म्हणायले जागा राहिली नाही. कुंकू लाव, गरम भात खा, खोलीत पलंगावर झोप. नवीन गादी भरून घेतली. खुमेंद्र दुकानातून येते आणि जेवून भिंतीकडं तोंड करून पडते. त्याले तुझी आठवण येते का, ते मी विचारलं नाही. येत असेल.

पंडितजी येऊन गेले. त्यांनी खुंट पाहिला आणि मान हलवली. म्हटले, हिचं मूळ खोल आहे, ही गेलेली नाही. थोरली गेली नाही तर जे तिच्यावर यायचं ते धाकटीवर येईल, आणि असं बहुतेक बाळंतपणातच येते. हे नको लिहू. मग मी त्यांना विचारलं, लेकराले काही होते का? ते म्हटले, लेकराले नाही, लेकराले भीती नाही. म्हटलं मग ठीक आहे, मग तिले बोलावून घेते. नीतू, हेही नको लिहू. तू कायले रडून राहिली? तुझ्यावर आलं का काही? नाक पूस आणि लिही की पंडितजींनी दोघांना आशीर्वाद सांगितला.

दिवाळीच्या आधी खुमेंद्र गाडी घेऊन येईल. सामान बांधून ठेव. तुझ्या दवाखान्याची फाईल आणायची गरज नाही, सुईणीले वाचता येत नाही.

आणि एक. पोरगा झाला तर त्याचं नाव मी ठेवीन. पोरगी झाली तर तू ठेव, पाहिजे ते ठेव.

अनुसयाबाई

वहिनी, खुंटाला चार फुटवे आले आहेत. बोटभर आहेत पण आहेत. दादा गाडी घेऊन आला तरी दार उघडू नका, तो वाईट नाही पण तो आईचं ऐकतो. ही पत्रं तुम्हीच ठेवा, कोणाला दाखवू नका. — नीतू


बोदलकसा
९ नोव्हेंबर

चि. सौ. चेतना हिस,

आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशील, तुझ्या नवऱ्याचं आहे. यापुढे तोच लिहील. माझं बोलणं तो थोडं सुधारून लिहितो, पण सांगितलं तेवढंच लिहितो.

दिवाळीच्या आधी गाडी घेऊन आलेल्या खुमेंद्रला तू दारातून परत पाठवलंस. तेही एक वेळ चाललं असतं. पण चार दिवसांनी तुझा भाऊ आमच्या दारात आला. नीतूला पाहायला पाहुणे बसले होते. कैलाश ओट्यावर उभा राहून ओरडायला लागला. रविताच्या वेळची अमावस्या, प्रेमिलाचा ताप, पंडितजी काय बोलले ते, सगळं. शब्द माझे होते, जसे मी बोलले तसेच. मी त्याला बस म्हटलं, पाणी दिलं आणि विचारलं, बापा, हे तुला कोणी सांगितलं? त्यानं खिशातून कागद काढला आणि फडफड वाचून दाखवला. खाली नीतूनं लिहिलेलंही वाचलं. बहिणीवर त्याचा जीव आहे, त्यात त्याची चूक नाही. नीतू दारामागे उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं पाडला नाही, हे मी पाहिलं.

मी तिला मारलं नाही. कोणी तसं सांगितलं तर खोटं समज. फक्त जी स्थळं आधी नको म्हटली होती, ती पुन्हा पाहिली.

बालाघाटकडचे धनलाल आहेत. राईस मिल आहे, माणूस शांत आहे, केस काळे करतो. त्यांच्या दोन बायका वारल्या. नीतू तिसरी. त्यांच्या घरून निरोप आला होता, आधी रुई लावून घ्यायची का? मी म्हटलं, कशाला, आम्ही असलं काही मानत नाही. तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी हिचं लावून दिलं. तांदळात काय नाव लिहायचं म्हणून त्यांनी मला विचारलं, मोठेपणा म्हणून. मी सुलक्षणा सांगितलं. त्यांना आवडलं.

रुई अजून आहे. गुडघ्याएवढी झाली, कळ्याही धरल्या. आता मला तिची भीती वाटत नाही. या घरातून एक तिसरी जायची होती, ती गेली. पंडितजींना विचारलं तर ते म्हणाले, असं कुठं लिहिलेलं नाही. नसेल लिहिलेलं, मला पटलं आहे. तुझ्यावरचं टळलं, चेतना. ज्या पोरीनं तुला येऊ नको म्हणून लिहिलं, तिच्याच पायगुणानं तू आता बिनधास्त येऊ शकतेस.

जावयांशी बोलणं झालं आहे. बहूच्या बाळंतपणासाठी महिनाभर लेकीला पाठवा म्हटलं तर ते तयार आहेत. तिथं मिलच्या मागं राहते, फोन तिच्याजवळ नाही. तू इथं येऊन बाळंत होणार असशील तर मी तिला आणते, महिनाभर तुमच्या दोघींच्या गप्पा होतील. तू येणार नसशील तर तिला आणण्याचं काही कारण नाही. घरात आमच्या दोघांपुरता भात मी शिजवते. तुझे दिवस भरत आले आहेत, म्हणून जास्त विचार करत बसू नकोस.

सोबत एक कागद पाठवत आहे. नीतूनं लग्नाआधी तो निर्मलाबाईजवळ पोस्टात टाकायला दिला होता. तिनं मला आणून दिला, खुमेंद्रनं त्याच दिवशी वाचून दाखवला. वर तुझं नाव आहे, म्हणून तुझा तुला. दुसऱ्याची चिठ्ठी ठेवून घेणं मला आवडत नाही.

अनुसयाबाई


२७ ऑक्टोबर

वहिनी,

माझं लग्न ठरवलं आहे. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला. माणूस बालाघाटकडचा आहे, आईच्या वयाचा. त्याच्या दोन बायका गेल्या. पहिली कशानं गेली ते कोणी सांगत नाही. दुसरीचं विचारलं तर त्याची बहीण म्हणाली, तिला कामाचा कंटाळा होता.

मी आईला म्हटलं, दादासाठी केलं तसं रुईचं तरी करा. मी हे मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण ती मानते, म्हणून विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुझ्यासाठी कोण झाड खोदत बसते.

मला त्याच वेळी कळलं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, मी आईपुढे काय बोलणार, तुझं तू पाहा. कैलाशदादांवर रागावू नका, ते तुमच्यासाठी बोलले. मीच तुम्हाला आधी नीट लिहायला पाहिजे होतं की कोणाला दाखवू नका म्हणजे त्यांनाही नको.

तुम्ही स्वतः येऊ नका, या दिवसात तर नकोच. कैलाशदादांना गाडी घेऊन पाठवा. घरापर्यंत येण्याची गरज नाही. सकाळी म्हशी घेऊन मी नाल्याच्या पुलापर्यंत जाते, रोज जाते, तिथं थांबले तरी चालेल. मी तशीच येईन. दोन ड्रेस आणि मार्कशीट वैरणीच्या खोलीत बांधून ठेवली आहे.

बाळाचं सगळं मी करीन. तुम्हाला उठावंसुद्धा लागणार नाही. झोपायला स्वयंपाकघरात जागा पुरेल. नंतर कुठं तरी शाळेत काम पाहीन, तुमच्यावर भार होणार नाही.

फक्त तीनच्या आत पाठवा. पत्र पोचायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आजच निर्मलाबाईंजवळ देते. त्या उद्या तिरोड्याला जाणार आहेत. त्यांना मी काही सांगितलं नाही, तरी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, दे, मी टाकते. त्या चांगल्या आहेत.

नीतू